अपोल्सचा सुळा

माझा भाऊ अपोल्स तीस वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर दगड झालेली जुनाट हाडं शोधत फिरला, पण त्याच्या नावाचं एक जनावर नाही. शेतमालकाच्या नावाचं आहे, आमच्या संग्रहालयाच्या डॉक्टर मालर्बबाईंच्या सासऱ्यांच्या नावाचंसुद्धा आहे, आणि त्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एक दगड उचलला नव्हता. जनावर नवं निघालं तरच नाव देतात. अपोल्सला सापडायची ती नेहमी आधीच नाव पडलेल्या जनावरांची डोकी.

यंदा त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. अंथरूण धरायच्या आधी त्यानं एक शेवटचं डोकं आणून दिलं. चोचीचं, पाला खाणारं, डुकराएवढं जनावर. डावी बाजू ओढ्यानं खाल्लेली, उजवी धड.

मालर्बबाई हरखल्या. "लेनी, याला सुळाच नाही! सुळ्याची खोबणसुद्धा नाही. हे नवंच आहे. अपोल्सचं नाव देते. सोमवारी निबंध छापायला जाईल."

अपोल्सला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला.

संग्रहालयात हाडावरचा दगड सुईनं सोडवायचं काम माझं. शुक्रवारी सकाळी गालाखालची धूळ पुसायला मी ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर बोळा लाल झाला. खरा दगड ॲसिटोनला दाद देत नाही. विरघळतं ते आमचं लिंपण, डिंकात लाल दगडाची पूड कालवून भेगा बुजवायचं. ते करायला अपोल्सला मीच शिकवलं होतं. आणखी पुसलं. खाली गोल खोबण, आत सुळ्याचं तुटकं मूळ.

तशीच घरी गेले.

"सुळा कुठाय?"

"कसला सुळा?"

"अपोल्स, माझ्यापाशी लुच्चेगिरी नको."

तो हसला, मग खोकला, रुमाल लाल झाला. "तुझ्याच हातात आलं होय? मला वाटलं साफ करायला त्या नव्या पोरीला देतील. त्या गाढवीला जन्मात कळलं नसतं."

उशीखालून त्यानं तपकिरीची डबी काढली. आत कापसात सुळा. त्यावर काळ्या शाईनं, मुंगीच्या अक्षरात, त्या डोक्याचा नंबर घातलेला.

"चोरी करतानाही नंबर घातलास?"

"हाड हरवायचं नसतं, ताई." त्यानं डबी माझ्या हातात ठेवली. "मी गेल्यावर लाव परत. तोवर राहू दे ना. असे किती दिवस उरलेत माझे?"

मला त्याचा संताप आला आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. सोमवारी ते छापायला गेलं असतं तर बाईंची अब्रू गेली असती, आणि साफसफाईच्या चिठ्ठीवर सही माझी होती. पण खरं सांगते, सहीचं मला काही वाटलं नाही. बावीस वर्षं मी हाडाला चिकटलेलं खोटं सुईनं काढत आले. तेच एक मला येतं.

दुपारी मी सुळा मुळाला चिकटवला आणि बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ भिंगातून बघत बसल्या. "म्हणजे नेहमीचंच," त्या म्हणाल्या. "अपोल्सला मी सांगू?"

"नको."

तो आणखी नऊ दिवस जगला. रोज विचारायचा, "नाव दिलं का गं?"

"दिलं."

"काय म्हणायचं?"

जन्मभर चिठ्ठ्यांवर वाचलेली लॅटिन नावांची शेपटी मी त्याच्या नावाला जोडली. "अपोल्सिया."

"पुन्हा म्हण."

मी म्हणायचे.

नवव्या दिवशी त्याला पाणीही गिळवेना. मी त्याचे ओठ ओले करत होते. त्यानं माझा हात धरून बोटं निरखली. नखाच्या कडेला वाळलेला डिंक अजून निघाला नव्हता.

"सुळा लावलास ना, ताई?"

"नाही रे."

"कधी लावलास?"

माझ्यानं आणखी खोटं बोलवेना. "त्याच दुपारी."

त्यानं हात सोडला नाही. डोळे मिटले. मग म्हणाला, "पुन्हा म्हण."