साठ क्रियापदांचा तक्ता

मी शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतला जुना तक्ता आहे. माझ्या अंगावर इंग्रजीची साठ क्रियापदं छापली आहेत, प्रत्येकाची तीन रूपं. पहिलं आजचं, दुसरं कालचं, आणि तिसरं कशासाठी असतं हे मलाही अजून नीटसं उमगलेलं नाही.

जालिंदर सरांनी मला पुण्याहून आणलं, मागून कापड चिकटवलं, खालीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि सातवीच्या वर्गात टांगलं. रोज प्रार्थना झाली की सर माझ्यावर छडी टेकवायचे आणि पाढे म्हणावेत तशी मुलं झुलत सुरू व्हायची, "गो वेंट गॉन! ईट एट ईटन!" सुरुवातीला मला फार बरं वाटलं. मग मात्र वर्षामागून वर्षं गेली आणि माझा जीव मेटाकुटीला आला. मित्रांनो, त्या वर्गात माझ्यातलं एक क्रियापद घेऊन कुणी एक वाक्य केलं नाही! काल बैल कसा सुटला, विहिरीवरची मोटर कशी जळाली, हे मुलं बाकावर बसून हातवारे करून सांगायची, आणि मी समोर लटकलेला. अरे, हेच माझ्यातून सांगा की, असं ओरडावंसं वाटायचं. पण तक्त्याचं ऐकतो कोण?

एकदा तपासणीला साहेब आले. अक्षदा नावाच्या मुलीनं माझ्याकडे पाठ करून साठच्या साठ एका दमात म्हटली. टाळ्या पडल्या, सरांचा ऊर भरून आला. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

पुढं वर्गात शिकवायला मोठा डिजिटल पडदा आला आणि माझी रवानगी मागच्या भिंतीवर झाली. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला. कुणी हळहळलं नाही.

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर अक्षदा सरांना भेटायला वर्गात आली. आता ती कारेगावजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनीचा गणवेश तसाच अंगावर होता.

"सर, तुमची साठच्या साठ येत्यात मला आजबी," ती आल्या आल्या म्हणाली. "आन् साहेबानं विचारलं, काल शिफ्टला काय झालं, तर तोंडातून शब्द न्हाई फुटला!"

हकीकत अशी होती. माल पुढं नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यात माल अडकला तेव्हा अक्षदानंच धावत जाऊन मशीन बंद केलं आणि सगळा माल वाचवला. लाइन लीडरच्या बढतीसाठी झालेल्या मुलाखतीत साहेबांनी तेच इंग्रजीतून विचारलं. तिच्यासोबतच्या सुदर्शननं ते काम स्वतःचं म्हणून सांगून टाकलं. साहेबांनी दोघांना सोमवारी पुन्हा बोलावलं होतं.

"अगं, पण तवा टाळ्या पडल्या हुत्या ना तुला," सर पडेल आवाजात म्हणाले.

"टाळ्यांनी काय व्हतंय, सर? माझं काम दुसऱ्याच्या नावावर चाललंय!"

सर खाली मान घालून बसले. मलाही लाज वाटली. मग ते म्हणाले, "बरं, सांग मला. काल काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आय गो वेंट गॉन टू मशीन..." ती पुन्हा पुन्हा सुरू करायची. सगळी माळच बाहेर यायची. तिचे डोळे भरले. मग ती रागानं उठली आणि तिनं मला खिळ्यावर उलटं फिरवलं.

माझ्यासमोर भिंतीचा चुना होता. मला फक्त ऐकू येत होतं. अडखळत, थांबत, चिडत, अंधार पडेपर्यंत ती बोलत राहिली. "मशीन जॅम्ड. आय रॅन. आय स्टॉप्ड इट." सर एकदाही मध्ये बोलले नाहीत.

सोमवारी सरांचा फोन वाजला. तिचा आवाज मला भिंतीकडे तोंड असूनही ऐकू आला. "सर, आय टोल्ड देम एव्हरीथिंग. आय मॅनेज्ड!"

मित्रांनो, 'मॅनेज' माझ्या साठांत नाही. ते तिनं कंपनीत कुठंतरी उचललं. माझ्यासारखा तक्ता तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा, त्याला एकदा नीट वाचा, आणि मग त्याच्याकडे न बघता तुमचा कालचा दिवस कुणाला तरी सांगा. चुकला तरी चालेल. तक्त्याला राग येत नाही.