रविवारी वाळत घातलेली प्लेड

खडकावरचे दगडफूल, चमच्याने खरवडून पोत्यात भरलेले.

झाकण लावलेली, शिळ्या मुताची बादली.

मेण लावलेला दोरा.

किनाऱ्यावर एक चामड्याचा पट्टा. नुसताच पट्टा.

काचेच्या पेटीवर एक पाटी: 'इतिहासाशी तंतोतंत.'

मित्रांनो, हे सगळे माझेच आहे. मी एक जुनी प्लेड आहे. लांबरुंद, चौकडीची, लोकरीची. पूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले पुरुष असे कापड कमरेला पट्ट्याने आवळून नेसत आणि उरलेले खांद्यावर घेत. पण मला पाहून फसू नका. मी त्या काळातली नाही. मी एका चित्रपटासाठी जन्मले, हॅरिस बेटावर, डोलिना मॅकअस्किलच्या मागावर.

माझ्या आधी एक चिंधी होती. चुलीसाठी दलदलीतली पीट-माती कापताना ती कुणाच्या तरी फावड्याला लागली. शेकडो वर्षे मातीत राहूनही तिच्यातली चौकडी दिसत होती. एडिंबरोचे डॉक्टर रेनी भिंग लावून तिचे धागे मोजत बसले. चित्रपटवाल्यांनी त्यांना सल्लागार नेमले होते. आधीच्या चित्रपटांत प्रत्येक घराण्याला आपली एक ठरलेली चौकडी असे, सैन्याच्या गणवेशासारखी. डॉक्टरांना त्याची चीड होती.

"तेव्हा घराण्याचा नमुना वगैरे काही नव्हतं," ते वेशभूषा सांभाळणाऱ्या ऑड्रीबाईंना म्हणाले. "हाताशी जो रंग असेल तो कापडावर. कोण कुठल्या बाजूचा ते टोपीतल्या फितीवरून कळायचं."

"मग नायकाची प्लेड अगदी या चिंधीसारखी करू," ऑड्रीबाई म्हणाल्या. "रंगसुद्धा हाच. तपकिरी."

बेटावर तपकिरी म्हणजे दगडफूल. डोलिनाने पोत्याकडे पाहिले आणि विचारले, "समुद्रावर नेणार का हिला?"

"छे. नायकाची सगळी दृश्यं डोंगरावरची आहेत."

दगडफुलात रंगवलेला कपडा आमच्याकडे समुद्रावर नेत नाहीत. दगडफूल खडकावरून येते आणि परत खडकाकडे जाते. जाताना अंगावर घेणाऱ्यालाही नेते. डोलिनाने हे ऑड्रीबाईंना सांगितले नाही. डोंगरावर जायचे असेल तर सांगायची गरजही नव्हती. तिने लोकर आणि दगडफूल एकावर एक रचून हंडा चुलीवर चढवला.

*

विणून झाल्यावर बायका जमल्या. मला शिळ्या मुतात भिजवून, लांब फळीभोवती बसून त्यांनी आपटले, म्हणजे लोकर आटते आणि रंग पक्का होतो. शेजारची म्हातारी क्रिस्टी ॲन गाणे उचलायची, बाकीच्या मागे ओढायच्या. एकदा म्हटलेले गाणे त्याच कापडावर पुन्हा म्हणायचे नाही. पुरुषाने आत यायचे नाही. म्हणून डोलिनाचा भाऊ फिनले बाहेरून खिडकीत कोपर टेकून उभा होता.

"काय गं क्रिस्टी ॲन, हा वास कापडाचा की गाण्याचा?"

"तुझ्या पायमोज्यांचा. जा, मासे धर जा."

शेवटी कापड फळीवर सूर्य फिरतो त्या दिशेने फिरवतात आणि जो ते नेसणार त्याचे नाव घेतात. तिथे बायका अडल्या.

"नाव कुणाचं घ्यायचं? त्या नटाचं?"

"त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही."

"मग माझं घ्या," फिनले म्हणाला. "त्याला कुठे थंडी वाजते? त्याच्याकडे फरचा कोट आहे."

बायका हसल्या. हसत हसतच त्यांनी मला फिरवले आणि फिनलेचे नाव घेतले. डोलिना हसली नाही. तो होडीवरचा माणूस होता.

*

चित्रीकरणासाठी बेटावरचे पुरुष सैनिक म्हणून घेतले. त्यांच्या प्लेड गिरणीतून आल्या होत्या. डॉक्टर रेनींनी सगळ्यांना माळावर नेऊन नेसायला शिकवले. कापड जमिनीवर पसरायचे, चुण्या घालायच्या, वर आडवे व्हायचे, पट्टा आवळून उठायचे.

"आणि जिवावर बेतलं तर?" डॉक्टर म्हणाले. "पट्टा ओढायचा. सगळं कापड खाली. माणूस सदऱ्यावर मोकळा."

सगळ्यांनी पट्टे ओढले. माळभर कापडे पडली. उघड्या मांड्यांनी उभा राहून फिनले म्हणाला, "आता कळलं, आपले पूर्वज लढाईतून इतके जोरात का पळायचे."

माझे मात्र वेगळे झाले. नट दर वेळी मला नेसला की चुण्या वेगळ्या पडत. आधीच्या दृश्यात रेघ गुडघ्यावर असे, पुढच्यात मांडीवर. ऑड्रीबाईंना ते सहन होईना. त्यांनी ठरवले की माझ्या चुण्या कमरेच्या जाड पट्टीवर शिवायच्या, मागे हूक लावायचे आणि खांद्याचा भाग नटाच्या अंगरख्याला टाचायचा. वरून पट्टा होताच, दिसण्यापुरता.

"हे बरोबर नाही," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, रंग तुमचा, विणकाम तुमचं. शिवण माझी."

डॉक्टर रंगाची लढाई जिंकले होते. त्यांनी चहात बिस्कीट बुडवले.

शिवायला डोलिनाला बसवले. तिने दोऱ्याला मेण लावले, प्रत्येक चुणीवर दुहेरी टाका घातला आणि ओढून पाहिला. "माझी शिवण सुटत नाही," ती म्हणाली. ते खरे होते.

*

मग नायक खाडी ओलांडून पळतो असे दृश्य कथेत घातले गेले. शनिवारी सकाळी फिनले घरी उकडलेले बटाटे सोलत होता.

"आज त्या नटाच्या जागी मी," तो म्हणाला. "तो वल्ही उलटी धरतो. पाठमोरा मी त्याच्यासारखा दिसतो म्हणे."

"नेसणार काय?"

"त्याचीच प्लेड. ऑड्रीबाईंना एक रेघ इकडची तिकडे चालत नाही."

"दगडफुलातली नेसून तू पाण्यात जायचं नाहीस."

"पाण्यात कुठे, पाण्यावर जातोय."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का? मी त्या बाईंशी बोलते."

"नको." फिनलेने सुरी खाली ठेवली. "दगडफुलाचं ऐकून ते हसतील. मला हसले तर चालेल गं. तुला नको."

डोलिनाच्या डोक्यात दगडफूल होते. शिवण नव्हती.

किनाऱ्यावर घाई होती. उजेड जात होता म्हणून दोघांनी फिनलेला मागून हूक लावले, अंगरखा टाचला, वर पट्टा बांधला. होडीत आणखी तिघे बेटावरचेच होते, गिरणीच्या प्लेड नेसलेले. मदतीची होडी चित्रात दिसू नये म्हणून खडकामागे ठेवली होती.

खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली आणि होडी उलटली. तिघांनी पट्टे ओढले. त्यांच्या प्लेड पाण्यावर तरंगत गेल्या आणि ते तिघे उलट्या होडीला धरून राहिले. फिनलेनेही पट्टा ओढला. माळावर शिकवला होता तसाच, एका झटक्यात. पट्टा सुटला. मी सुटले नाही.

मित्रांनो, ओली लोकर किती जड होते ते तुम्ही पावसात भिजलेली घोंगडी उचलली असेल तर तुम्हाला माहीत आहे. त्याचे हात माझ्या चुण्यांवर फिरत राहिले. तो सुटे टोक शोधत होता. मला सुटे टोक नव्हते. लोक म्हणतात, मी त्याला धरून ठेवले. मी धरले नाही. मला घट्ट राहायलाच शिवले होते. किनाऱ्यावरच्यांना आधी वाटले, फिनले झकास काम करतोय.

खडकांपाशी सापडलो आम्ही. मासे चिरायच्या सुरीने त्यांनी मला खांद्यापासून कमरेपर्यंत कापले आणि त्याला बाहेर काढले.

*

दुसरा दिवस रविवार होता. हॅरिसवर रविवारी कुणी दोरीवर कपडा घालत नाही. होडी सोडत नाही, लाकूड फोडत नाही, पाणीसुद्धा शनिवारीच भरून ठेवतात. चित्रपटवाल्यांनी मला गोड्या पाण्यात धुऊन शाळेमागच्या दोरीवर पसरले. सोमवारी डोंगरावरचे दृश्य होते आणि नायकाची दुसरी प्लेड नव्हती.

गावाने मला पाहिले. चर्चला जाणारे लोक मान खाली घालून गेले. फिनलेचा देह घरात फळीवर होता. डोलिना काळ्या कपड्यांत आली आणि दोरीपाशी उभी राहिली. मी ठिबकत होते.

ऑड्रीबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "डोलिना, घेऊन जा हिला. मी दिग्दर्शकाला सांगेन काहीतरी."

"आज नाही काढता येत," डोलिना म्हणाली.

"का?"

"रविवार आहे. काढणं हेही कामच."

ती बराच वेळ उभी होती. तिने हात लावला नाही. मग क्रिस्टी ॲन आली आणि तिला दंडाला धरून घरी घेऊन गेली. सोमवारी डोलिना पुन्हा आली तेव्हा दोरी रिकामी होती. दिग्दर्शकाने काही ऐकले नव्हते. मला टाके घालून डोंगरावर नेले होते. नट मला नेसून आपल्या मेलेल्या भावासाठी रडला. चांगला रडला.

*

चित्रपट गाजला. खाडीचे दृश्य त्यात आहे, लाट येईपर्यंतचे. नंतर नायक डोंगरावर दिसतो तेव्हा नीट बघा. माझ्या पाठीवर एक रेघ दुसऱ्या रेघेला मिळत नाही. ते सुरीच्या कापावरचे टाके आहेत. ऑड्रीबाईंच्या नजरेतून तेवढी एकच चूक सुटली, किंवा त्यांनी ती राहू दिली.

लोकांनी मला नावाजले. खरी प्लेड पडद्यावर प्रथमच आली, असे वर्तमानपत्रांनी छापले. मला बक्षीस मिळाले आणि संग्रहालयात काचेची पेटी मिळाली. पुढे कुणी प्रयोगशाळेत ती चिंधी तपासली. ती मुळात तांबडी आणि हिरवी होती. पीटने तिला तपकिरी केले होते. दगडफुलाचे काही कारणच नव्हते. हे डोलिनाला कुणी कळवले नाही.

एकदा ती आली. खूप वाकली होती. पेटीसमोर लोक फोटो काढत होते, ती मागच्या बाजूला गेली आणि काचेला नाक लावून माझ्या कमरेकडे पाहत राहिली.

"आजी, तुम्हाला शिवणकामाची आवड आहे का?" रखवालदाराने विचारले.

"अजून घट्ट आहे," ती म्हणाली आणि गेली.

आता मला कसर लागू नये म्हणून थंडीत ठेवतात. दिवा मंद असतो, रंग उडू नये म्हणून. माझी खूप काळजी घेतात. पाटीवर विणणारीचे नाव आहे. फिनलेचे नाही.

मित्रांनो, तुम्ही नाटकासाठी, संमेलनासाठी जुन्या काळचे कपडे घालाल. रंग बरोबर आहे का, काठ बरोबर आहे का, हे मोठी माणसे तपासतील. ते कसे नेसायचे हे सगळेच विचारतात. ते चटकन काढायचे कसे, एवढे तुम्ही विचारा. लोक हसले तरी विचारा.

पीटमध्ये सापडलेल्या त्या चिंधीला एकही टाका नव्हता.