टॅबिथाची गोळी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चिडलेलो आहे. म्हातारी माणसे आपली कहाणी सांगताना गोड बोलतात, उसासे टाकतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. ज्याच्या तोंडात हातोडीने अक्रोड फोडले गेले, तो गोड कुठून बोलणार?

दिसायला मी सांडशीसारखा आहे. दोन लोखंडी दांडे, पुढे दोन जबडे आणि प्रत्येक जबड्यात अर्ध्या गोटीएवढा खळगा. जबडे मिटले की आत एक गोल पोकळी तयार होते. तिच्यात वितळलेले शिसे ओतायचे, थोडे थांबायचे, मला उघडायचे, की खाली गोल, चकचकीत गोळी पडते. ठासणीच्या बंदुकीची गोळी. तीही कुठल्याही बंदुकीची नव्हे, फक्त टॅबिथाची.

टॅबिथा ही माझी जोडीदारीण. केंटकीच्या डोंगरात माणसे बंदुकीला बायकामाणसाचे नाव देतात आणि कधीकधी बायकोपेक्षा तिलाच जास्त जपतात. आम्हा दोघांना ॲब्सालम नावाच्या एका लोहाराने घडवले. आधी त्याने तिची लांबच लांब नळी घडवली आणि आतून आटे पाडले. खांबावर चढणाऱ्या आळशी वेलीसारखे ते संथ, सावकाश वळणारे आटे होते. मग त्या नळीचे माप घेऊन, गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीपुरती जागा सोडून, त्याने माझे खळगे कोरले. दोघांवर एकच खूण ठोकली, ओकचे पान. आम्हाला घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाईकाला तो म्हणाला होता, "ज्या घरात बंदूक, त्याच घरात साचा. ही जोडी मोडलीस तर माझ्या दारात रडत यायचं नाही."

हात बदलत बदलत आम्ही ईनसकडे आलो. ईनस हा उंच, अबोल माणूस होता. त्याला दोन मुले, थोरली ओपल आणि धाकटा डेल्मर. पोरे त्याला पॅप म्हणत. गोळ्या ओतायचा दिवस आला की डेल्मर मासे पकडायला पळे आणि ओपल बापाच्या शेजारी बसे. त्यामुळे माझे दांडे धरायला ती शिकली. मला आधी मेणबत्तीच्या काजळीवर धरायचे, म्हणजे शिसे आत चिकटत नाही. पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या निमूटपणे परत शिसे वितळवायच्या कढल्यात टाकायच्या. शिसे मऊ हवे, नखाने ओरखडा उठेल इतके. आणि कढल्याजवळ असताना कपाळाचा घाम आधी पुसायचा, कारण पाण्याचा एक थेंब आत पडला तर शिसे तोंडावर उडते.

एकदा ओपलने त्याला विचारले, "पॅप, लोक आता लांबट, टोकदार गोळ्या मारतात म्हणे. जड असतात. आपण का नाही मारत?"

ईनसने तिला नळीच्या तोंडाला डोळा लावायला सांगितले. "आतले आटे बघ, कसे रमतगमत चाललेत. गोल गोळीला तेवढी गिरकी पुरते. लांब गोळीला जोरात गरगरवावं लागतं, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. मग पुठ्ठ्यावर भोक कसं पडतं ठाऊक आहे? गोळी झोपल्यासारखं, आडवं." तो पुढे म्हणाला, "पुठ्ठ्याचं सोड गं. हरणाला आडवी बसली तर ते मरत नाही, नुसतं सडतं. त्याच्यासमोर उभं राहायचं तोंड नसतं मग आपल्याला."

ते माझे सुखाचे दिवस होते. चरबीत भिजवलेल्या चिंधीत माझी गोळी गुंडाळायची, गजाने दारूवर नीट बसवायची आणि मग टॅबिथा बोलायची. शरद ऋतूच्या नेमबाजीत बैलाचे मांस बक्षीस असायचे. ईनस तिथून मागची तंगडी खांद्यावर टाकून यायचा. ओपल सोळाची झाली तेव्हा त्याने तिच्याही हाती टॅबिथा दिली, आणि पोरीने नेमाच्या फळीवरचे बापाचेच भोक आणखी मोठे केले. डेल्मरची गोळी मात्र फळीच्या मागच्या झाडाला लागली. सगळे हसले. डेल्मरही हसला. तो मनाने वाईट नाही, हे मला रागातही कबूल करावे लागते.

मग ईनस वारला आणि वाटणी झाली.

त्या डोंगरात एक रीत आहे. बंदूक मुलाची, भांडीकुंडी मुलीची. कुणी मागत नाही, कुणी नाकारत नाही, आपोआप होते. डेल्मरने टॅबिथा उचलली, बंदुकीच्या दारूचे शिंग उचलले, गोळ्यांची पिशवी उचलली. ओपल दारात हात बांधून उभी होती. नेम तिचा, ओतायचे कसब तिचे आणि बंदूक त्याची! मी स्वयंपाकघराच्या खणात लाटण्याशेजारी पडलो होतो, म्हणून भांड्यांबरोबर ओपलच्या वाट्याला आलो. साचा कुठे आहे, असे डेल्मरने एका शब्दाने विचारले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

ओपलने मला ओळखले नाही असे समजू नका. पहिल्याच दिवशी तिने ओकच्या पानावरून बोट फिरवले. मग एक काळा अक्रोड माझ्या जबड्यात धरला आणि वरून हातोडी हाणली. त्या डोंगरातला काळा अक्रोड म्हणजे दगड. घरी आलेल्या एका पाहुणीने विचारले, "अगं, हे काय?" ओपल म्हणाली, "पॅपनं मला ठेवलेली इस्टेट." पाहुणी हसली. मित्रांनो, ज्याच्या पोटातून कधी वाकडी गोळी निघाली नाही, त्याच्या तोंडात टरफले भरली जात होती. केकसाठी! तिचा राग मला समजत होता, पण भावावरचा राग माझ्यावर का काढायचा?

अशी काही वर्षे गेली, डेल्मरच्या पिशवीतल्या गोळ्या संपल्या. पानगळ सरत आली होती. एका सकाळी डेल्मर तिच्या स्वयंपाकघरात शिरला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले.

"कॉफी आहे का गं, ओपल?"

"आहे. आधी बूट काढ. लादी पुसायला तुझी बायको येणार आहे का?"

त्याने बूट काढले आणि खुर्चीत अंग टाकले. "पॅपची बंदूक कामातून गेली. जवळूनसुद्धा नेम लागत नाही. गाडीत टाकून शहरात चाललोय, नवी नळी बसवून घेतो."

"आणि जुनी?"

"जुनीचं काय करायचं? कुंपणाला खांब होईल."

ऐकलेत ना? नाचता येईना अंगण वाकडे! पण मी लोखंड. माझ्या तोंडाला तेव्हा कालचे टरफल चिकटले होते.

"तिला खायला काय घालतोस?" ओपलने विचारले.

त्याने खिशातून एक गोळी काढून टेबलावर ठेवली. लांबट, टोकदार, अंगावर चरबीच्या रेघा. मी पहिल्यांदाच माझ्या गोळीची सवत पाहिली. "दुकानातला पोरगा म्हणाला, काका, गोल गोळी म्हणजे पणजोबांचा जमाना. ही मारा, अस्वल जागच्या जागी आडवं होईल."

"मग झालं का आडवं?"

डेल्मरने कप खाली ठेवला. "अस्वल नव्हतं. हरीण होतं, मादी. मांडीत लागली. काल दुपारभर रक्तामागे फिरलो. ओढ्याच्या जाळीत रक्तही दिसेनासं झालं." त्याने दाराकडे पाहिले. "चर्चमध्ये कुणाला बोलू नकोस."

मग त्याने नेमाचा पुठ्ठा दाखवला. काल संध्याकाळी त्याने बंदूक तपासून पाहिली होती. पुठ्ठ्यावर एक भोक होते, लांबुळके, जणू गोळी त्यावर कुशीवर निजली होती.

ओपलने पाहिले. तिला त्याच क्षणी कळले, आणि ती गप्प बसली. तिने टोपलीतला एक अक्रोड उचलला, माझ्या जबड्यात ठेवला आणि हातोडी वर नेली. तिच्या मनात काय चालले होते ते मी तिच्या मुठीतून वाचत होतो. जाऊ दे की. नेऊ दे शहरात. मला नाही तर त्यालाही नाही. तिने तोंड मिटून ठेवले असते तर चार दिवसांत टॅबिथाची नळी कुंपणात उभी राहिली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी. बोल बये, बोल! मी आयुष्यात इतका कधीच ओरडलो नाही, आणि इतका कधी मुका नव्हतो.

हातोडी खाली आली, पण हळूच, टेबलावर.

"डेल्मर, तू गाढव आहेस."

"पॅपपण म्हणायचा."

"नळीला काही झालेलं नाही. तिचे आटे संथ आहेत. तिला गोल गोळीच लागते, मऊ शिशाची, चिंधीत गुंडाळलेली. तुझी ही लांबडी तिच्यातून कोलांट्या खात सुटते."

"हे तू मला आधी सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस? बंदूक नेलीस, शिंग नेलंस, पिशवी नेलीस. गोळी कुठून यायची, हा प्रश्न पडला तुला?"

"मला वाटलं साचा हरवला..." असे म्हणता म्हणता त्याची नजर माझ्यावर पडली. तो उठूनच उभा राहिला. "हा... हा तोच आहे? ओपल! पॅपच्या साच्यात तू अक्रोड फोडतेस?"

"हो. मुद्दाम."

मग दोघे जे भांडले! बालपणापासूनचे सगळे निघाले. मासे निघाले, फळीमागचे झाड निघाले, पॅप आजारी असताना कोण किती वेळा आले तेही निघाले. कॉफी निवून गेली. शेवटी डेल्मर खाली मान घालून म्हणाला, "नेम तुझाच होता. मला ठाऊक होतं. पण रीत होती म्हणून मी घेतली."  ओपलने माझ्या तोंडातले टरफल काढले आणि मेणबत्ती पेटवली.

अंगणात शिसे वितळले. मी तापलो, कितीतरी वर्षांनी. पण मित्रांनो, पहिली चांगली गोळी पडली आणि ओपलचा चेहराच उतरला. गोळीच्या कमरेवर चहूबाजूंनी एक बारीक कड होती. हातोडीने माझे जबडे ठेचले गेले होते, ते आता नीट मिटत नव्हते. तिने चाकूने ती कड तासली, गोळी चिंधीत गुंडाळून गाडीतून आणलेल्या टॅबिथात ठासली आणि ती खांद्याला लावली. पुठ्ठ्यावर गोल भोक पडले. दुसरी गोळी पहिलीला चिकटून बसली. डेल्मरने डोक्यावरची टोपी काढली.

"दे मग साचा," तो म्हणाला.

"साचा इथंच राहील. बंदूकही इथंच. तुला लागेल तेव्हा ये, कॉफी पी, घेऊन जा."

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग टॅबिथाला स्वतःच्या हाताने ओपलच्या दारावरच्या खुंट्यांवर ठेवले.

"आता बूट घाल," ओपल म्हणाली. "हरीण शोधायचंय."

गिधाडांनी त्यांना वाट दाखवली. ती मादी ओढ्याकाठी जाळीत पडली होती. पाण्यापर्यंत तिला पोचता आले नव्हते. हे मला परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळले. मांडीतून निघालेली ती लांब गोळी ओपलने धुतली आणि खिडकीत ठेवली, मी आता टांगलेला असतो त्या खिळ्याशेजारी. अजून ती तिथेच आहे.

मित्रांनो, बहीणभाऊ एक झाले म्हणून मी रागवायचे सोडावे, असे तुम्हाला वाटेल. मी सोडणार नाही. एक न विचारता घेऊन गेला, एक न सांगता बसून राहिली, आणि मेले कोण? जिला या वाटणीतले काहीच ठाऊक नव्हते ती. तुमच्या घरात जोडीने घडवलेल्या वस्तू असतील तर त्यांची ताटातूट करू नका. करावीच लागली तर निदान एकमेकांना विचारा. हत्यार हातात घ्याल तेव्हा त्याला काय मानवते ते आधी जाणून घ्या, कारण तुमच्या अज्ञानाची किंमत समोरचा मुका जीव भरतो.

आजही गोळ्या ओतताना माझ्याकडून ती कड येतेच. परवा डेल्मर म्हणाला, "एखाद्या चांगल्या लोहाराकडून याचे जबडे घासून आणू या का? तुझा त्रास वाचेल."

ओपलने हातातली गोळी फिरवली आणि चाकू लावला.

"नको," ती म्हणाली. "जबडे मी ठेचलेत. तासू दे मला."