जिन्याखालची आता कुठे बसते

आईला आमच्या भागात नावाने कोणी ओळखत नाही. ती जिन्याखालची. "मशीन अडलंय? जिन्याखालचीकडे टाक," एवढंच लोक एकमेकांना सांगतात आणि शिलाई मशीन काखेत मारून, सायकलवर बांधून, काही तर बाळाच्या गाडीत घालून आणतात. सोळा वर्षं तिने चार मजली इमारतीच्या जिन्याखाली मशिनं दुरुस्त केली. तिथे ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं. माझं पहिल्यांदा आपटलं तेव्हा आई म्हणाली, "चला, वाढलीस एकदाची."

मग इमारतीत लिफ्ट बसवायचं ठरलं आणि लिफ्टला नेमकी आईचीच जागा आवडली. बदल्यात मालकांनी मागच्या गल्लीत, छापखान्याच्या पाठीमागे एक खोली दिली. भरपूर उजेड, डोकं कुठेच आपटत नाही. फक्त ती रस्त्यावरून दिसत नाही, आणि आईची निम्मी गिऱ्हाइकं वर्षातून एकदा उगवणारी. त्यांचे फोन नंबर आईने कधी घेतलेच नव्हते. "मशीन आणतात, मशीन नेतात. नंबर काय करायचाय?"

"म्हणजे पडदेवाल्या काकू येणार, लिफ्टचा खड्डा बघणार आणि आल्या पावली परत जाणार," मी म्हणाले.

आई तेलाच्या कुपीला टोपण लावत होती. एकच टोपण तिने तीनदा लावलं, तेव्हा मला कळलं की हिची झोप उडालीय. वर्गात हात वर करायला लागून मला तीनच महिने झालेत, त्यामुळे सध्या मी कुठेही हात वर करते. म्हटलं, "वेबसाइट काढू. मी करते."

"वेबसाइटवर बसून मशीन दुरुस्त करू?"

"ऐक ना. प्रत्येक वेबसाइट कुठल्यातरी कंप्युटरवर ठेवलेली असते. त्या कंप्युटरचा पत्ता म्हणजे नुसते आकडे, ते कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून एक नाव नोंदवायचं, डोमेन म्हणतात त्याला. लोकांनी नाव टाकलं की नोंदवही सांगते, याचा मुक्काम सध्या अमुक आकड्यावर. उद्या मुक्काम हलला तर नोंदवहीतला आकडा बदलायचा. नाव तेच."

"आणि नाव काय देणार?"

"जिन्याखाली डॉट कॉम."

"अगं, पण मी जिन्याखाली नसणार."

"तेच तर सांगतेय तासभर. तू कुठेही बस, नाव तुझ्यामागे येतं."

आईने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही, पण ती कामाला लागली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या तळाला पेन्सिलीने तारीख लिहायची तिची जुनी सवय. पुढच्या वेळी उलटं केलं की काम किती टिकलं ते समजतं. आता ती तारखेखाली वेबसाइटचा पत्ताही लिहू लागली. आठवड्यात सतरा मशिनं पत्त्यासकट घरोघर गेली.

शुक्रवारी मावसबहीण आली. ताई कंप्युटरच्याच ऑफिसात आहे, म्हणून मी ऐटीत सगळं सांगितलं.

"नाव नोंदवलंस कधी?" ताईने विचारलं.

"सोमवारीच. शोधलं तर हिरव्या अक्षरांत आलं, उपलब्ध आहे."

"मग?"

"मग काय. बंद केलं."

ताईने कपाळाला हात लावला. "बाई माझे, उपलब्ध म्हणजे कोणीही घेऊ शकतं. बागेत रिकामा बाक बघून घरी आलीस आणि म्हणतेस बाक माझा."

आई हातातला स्क्रू तसाच धरून म्हणाली, "म्हणजे सतरा घरांत मी दुसऱ्याच कोणाचा तरी पत्ता लिहून पाठवला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. ताई टाइप करू लागली. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मी मनातल्या मनात सतरा घरांत खोडरबर घेऊन फिरून आले.

हिरवी अक्षरं. बाक अजून रिकामा होता.

ताईने तिथल्या तिथे अर्ज भरला. मालकाच्या रकान्यात तिने आईचं पूर्ण नाव घातलं, तेव्हा आई चष्मा पुसून पुढे वाकली आणि ते दोनदा वाचलं.

"आता कायमचं माझं?"

"वर्षाचं. दरवर्षी नूतनीकरण करायचं, मावशी."

"तेल घातल्यासारखं," आई म्हणाली. हे तिला लगेच कळलं.

पान मी बनवलं. नकाशा, छापखान्याला वळसा कसा घालायचा ते, आणि नव्या दारात उभ्या आईचा फोटो. शनिवारी सकाळी ताईने फोनवरून मला सांगत सांगत नोंदीत आकडा भरून घेतला. मी पत्ता उघडला. कोरं पान. 'येथे लवकरच काहीतरी येत आहे.' पुन्हा उघडला, तेच.

"कालपासून किती वेळा उघडून बघितलंस?" ताईने विचारलं.

"थोड्याच. साठेक."

"मग भोग. तू घाईघाईने विचारत सुटलीस, आता तुझ्या फोनला जुनंच उत्तर पाठ झालंय. तो ते विसरला की नवीन विचारेल. एखादा दिवस जाईल."

तिकडे जिन्याखाली ड्रिल सुरू झालं होतं. इकडे नव्या खोलीत दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. आईने आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसलं. मग स्टूल पुसलं. मग माझ्याकडे बघितलं आणि टेबल पुन्हा पुसलं.

चारच्या सुमाराला गल्लीत चाकं कुरकुरली. बाळाची गाडी, गाडीत मशीन, मागे पडदेवाल्या काकू, घामाघूम.

"काय गं, न सांगता गेलीस? परवा मशीन न्यायला आले तेव्हाही बोलली नाहीस. तिथे हा एवढा खड्डा. आणि तू दुरुस्त केलेलं हे मशीन बघ, दर वितीला धागा तोडतंय. म्हटलं, तारीख बघूनच भांडायचं. फुटपाथवर उलटं केलं. आठ दिवस झाले नाहीत, बाई. पण खाली हे इंग्रजीत लिहिलेलं दिसलं, फोनवर टाकून बघितलं, तर तूच."

त्यांनी फोन पुढे केला. आई, नवं दार, नकाशा. काकूंच्या फोनने आज पहिल्यांदाच विचारलं होतं, त्याला नवीन उत्तर मिळालं. माझ्या फोनवर तेव्हाही कोरंच पान होतं, म्हणून माझी वेबसाइट मी पहिल्यांदा काकूंच्या फोनवर पाहिली. मी एवढी मोठ्याने हसले की छापखान्यातून कोणीतरी डोकावलं.

आईने मशीन उघडलं, सुई काढली, फिरवून परत बसवली. "सुई कोणी उलटी लावली?"

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. "उजेड छान आहे गं इथे."

आईने मशीन आडवं केलं आणि जुन्या तारखेखाली आजची तारीख लिहिली. मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, "फोन द्या जरा इकडे. नीट बघू तरी द्या, मी कुठे बसते ते."