केगावचा उंबरा

एकादशीला आप्पांच्या घरी कीर्तन ठरलेलं. केगावात कॉलेजं आली तेव्हा आप्पांनी वरच्या मजल्यावर खोल्या काढून पोरांना भाड्यानं दिल्या, पण खालची लांब खोली कधी कुणाला दिली नाही. ती कीर्तनाची. भाडेकरू पोरांना नियम एकच, एकादशीला खाली येऊन बसायचं, टाळ येत नसला तर टाळ्या वाजवायच्या. पोरं कुरकुरत यायची आणि खिचडीला दोनदा ताट पुढं करायची. संघपाल नावाच्या पोरानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आमच्या घरी बुद्धवंदना असते, मला यातलं काही येत नाही. आप्पा म्हणाले, मग मृदंगाशेजारी बस, हाताला आपोआप येतंय. शिक्षण संपेतो त्याच्या हाताला खरंच आलं.

आप्पांची बायको बजाबाई, त्यांची जागा स्वयंपाकघराच्या दारात. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, चौकटीला पाठ टेकून त्या बसायच्या. एक कान बुवांकडं, एक कान दुधाकडं. घर सिमेंटचं असलं तरी तो उंबरा सागवानी होता, वेळापूरच्या सुताराकडून आप्पांनी हौसेनं करून आणलेला. बजाबाई रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहायच्या.

कीर्तन संपलं की रीतच आहे, लहानमोठा न बघता सगळे एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पडतो, पोर म्हाताऱ्याच्या, आणि ज्याला त्याला 'माउली' म्हणायचं. तेवढ्या वेळेला बजाबाई हळूच उठून चुलीकडं जायच्या. नवऱ्यानं आपल्या पाया पडायचं हे काही त्यांच्या जिवाला सोसायचं नाही. आप्पा दर खेपेला पोरांदेखत टोमणा मारायचे, "समद्यांच्या पाया पडून झालं. एक माउली तेवढी निसटती बघा."

पुढं आप्पांना विसर पडू लागला. आधी पोरांची नावं गेली. मग एक दिवस पोटचा पृथ्वीराज भेटायला आला, तर त्याला विचारलं, "तुमी कोणत्या वर्षाला? मेस लावली का?" पृथ्वीराज हसला, आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

पण टाळ हातात दिला की ठेका चुकायचा नाही. आणि बजाबाईंची ओळख गेली नव्हती. आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या दाराकडं बघायचे, त्या दिसल्या की म्हणायचे, "बजे, च्या टाक." त्या एका हाकेवर बजाबाईंचा दिवस निघायचा.

मग आप्पा घरातून निघून पुणे रोडवर जाऊ लागले. एकदा भाडेकरू पोरांनी आणून सोडलं, एकदा ट्रकवाल्यानं. पृथ्वीराज शहरात होटगी रोडला राहायचा. त्याचं म्हणणं, माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर फ्लॅट घेऊ, गेटला वॉचमन असतो, तुमची सून मनाली हाताशी असेल, केगावचं घर विकून टाकू. बजाबाईंवर कुणी जबरदस्ती केली नाही, हे खरं. त्या आपण होऊन हो म्हणाल्या. देव संगं न्यायचा, टाळ न्यायचे, मग घर म्हणजे काय, चार भिंती. जन्मभर कीर्तनात हेच तर ऐकलं होतं.

दुधनीचा संगमेश म्हणून एक जण होता, पोरांची होस्टेलं चालवायचा. त्यानं घर घेतलं. माणूस वाईट नव्हता. किल्ली घेताना बजाबाईंना नमस्कार करून म्हणाला, "मावशी, कवाबी या. घर तुमचंच हाय."

फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दारच नव्हतं, ओटा तिथंच खोलीत. आप्पा दिवसभर इकडंतिकडं बघायचे. चहा दिला की हात जोडून म्हणायचे, "लई उपकार झाले, बाई." पहिल्यांदा बजाबाईंना वाटलं, नवी जागा आहे, चार दिवस जातील. दिवस गेले. 'बाई' काही गेली नाही.

एकदा वातीचा डबा सांडला म्हणून त्या बेडरूमच्या दारात खाली बसल्या. आप्पांनी मान वळवली.

"बजे..."

त्या धडपडत उठल्या, "काय वो?" म्हणत जवळ गेल्या. आप्पांनी संकोचून पाय आवरून घेतले.

तेव्हा त्यांना उमगलं. आप्पा तोंडावरनं ओळखत नव्हते, बसल्या जागेवरनं ओळखत होते. दारात बसलेली ती त्यांची बायको, आणि ते दार आपण विकून बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून केगावला गेल्या. संगमेशला एवढंच मागायचं होतं, की एकादशीला दोन घटका आम्हाला तिथं बसू दे. पण लांब खोलीत प्लायवूडची भिंत उभी होती, दोन्हीकडं खाटा, दोरीवर बनियनी वाळत घातलेल्या. स्वयंपाकघराच्या दारात गुळगुळीत फरशी.

"उंबरा काढला की मावशी," संगमेश ओशाळून म्हणाला. "पोरं ठेचकाळत व्हती. तुमी एक शब्द टाकला असता तर..."

त्यानं गच्चीवरून उंबरा खाली आणवला, स्वतः रिक्षाला बांधून दिला. लाकडाच्या चिरांत हळद अजून होती. वाटभर बजाबाईंनी त्यावर हात ठेवला होता, जसा आजारी लेकरावर ठेवतात.

एकादशीला बेडरूमच्या दारात उंबरा आडवा टाकला. आप्पा अडखळतील म्हणून मनालीला धास्ती होती, तरी एक टोक तिनंच धरलं. मंडळी लिफ्टनं वर आली. संघपाल शिकला त्याच कॉलेजात आता शिकवत होता, तो मुद्दाम मृदंगाला आला. बजाबाई नेसत्या लुगड्याचा पदर सारखा करून उंबऱ्याच्या आत बसल्या, चौकटीला पाठ टेकून. आप्पांच्या टाळाला खोट नव्हती. निरूपणात मध्येच त्यांनी दाराकडं बघितलं आणि ओळखीचं हसले. बजाबाईंनी डोळे मिटून घेतले. एवढंच मागितलं होतं देवाकडं.

कीर्तन संपलं. पाया पडणं सुरू झालं. आप्पा संघपालच्या पडले, पृथ्वीराजच्या पडले, मनालीच्या पडले, आणि दाराशी आले. आधी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला. बजाबाईंच्या मागं खोली रिकामी होती, उठून जाता आलं असतं. त्या उठल्या नाहीत.

आप्पा वाकले. त्यांचं डोकं बजाबाईंच्या पावलांवर टेकलं. मग वर बघून अगदी मायेनं विचारलं,

"माउली, कुठल्या गावच्या तुमी?"

मृदंगाची पिशवी बांधता बांधता संघपालचा हात थांबला.

"केगावची," बजाबाई म्हणाल्या.

"व्हय? आमचं बी घर हाय की तितं." आप्पांचा चेहरा उजळला. "या की एकदा. आमची बजा च्या लई झ्याक करती."

बजाबाईंनी खाली वाकून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं.

"येते, माउली," त्या म्हणाल्या.