नऊ ओळींचं गिऱ्हाईक

सहा महिन्यांत बारकीकडे अठ्ठेचाळीस माणसं येऊन गेली आणि एकानेही पैसे दिले नाहीत. येऊन गेली म्हणजे घरी नव्हे, ऑनलाइन. बारकी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लोकांनी गोळा केलेल्या आकड्यांचा अर्थ लावून द्यायचा आणि आलेख काढून द्यायचे, हा तिचा धंदा. फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तिने दुकान मांडलं होतं. तिथे तिला माशा मारायलाही फुरसत नव्हती, कारण फुकट्यांची रांगच संपत नव्हती.

एका प्राध्यापकाने ‘जरा नजर टाका’ म्हणून दोन हजार ओळींची फाईल पाठवली होती. एका उद्योजकाने कळवलं होतं, की पैसे देता येणार नाहीत, पण तुमचं नाव होईल. त्याचं स्वतःचं नाव त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचलेलं नसावं. बाकीचे बहुतेक ‘आधी नमुना दाखवा’वाले. आणि बारकीची खोड अशी, की चूक दिसली की सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. नमुना म्हणून ती अख्खं काम करून पाठवायची, चुकांच्या यादीसकट. समोरून ‘वा, फार छान! कळवतो’ असं उत्तर यायचं आणि कळवणारा जो बेपत्ता व्हायचा, तो पोलिसांनाही सापडला नसता.

तिचं ऑफिस म्हणजे इस्त्रीच्या टेबलाची डावी बाजू. उजव्या बाजूला आई इस्त्री करायची.

“आज सव्वीस तारीख,” आई कॉलरवर इस्त्री दाबत म्हणाली. “मामाला काय सांगू?”

“अजून चार दिवस आहेत ना.”

“सहा महिन्यांत कोणी आलं नाही, ते चार दिवसांत टपकणार आहे?”

ठरलं होतं ते असं: महिनाअखेरपर्यंत एका तरी माणसाने खरोखरचे पैसे द्यायचे. नाहीतर एक तारखेपासून बारकीने मामाच्या रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत जायचं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. मामा तर आताच सगळ्यांना सांगत सुटला होता, “शिकलेली पोरगी बरी. चिठ्ठी सरळ चिकटवते.”

भावोजी त्या दिवशी सकाळीच आले होते. विम्याची कामं सोडून त्यांनी नुकताच ‘ग्राहक पटवण्याचे सात टप्पे’ असा चार दिवसांचा वर्ग केला होता. आयुष्यात त्यांनी पटवलेलं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे ताई, आणि तीही आता तक्रार कुठे नोंदवायची ते शोधत होती.

“मेहुणीबाई,” शेंगदाण्याचं फोलपट फुंकत ते म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणजे मासा. भरपूर आमिष टाका. खाऊ दे पोटभर.”

“पोट भरल्यावर तो गळाला कशाला लागेल, भावोजी?”

“तो पाचवा टप्पा. आमच्या वर्गात तिसऱ्यापर्यंतच झालं.”

पण ‘पोटभर’ हा शब्द बारकीच्या डोक्यात घोळत राहिला. तिने अठ्ठेचाळीस जणांशी झालेला सगळा पत्रव्यवहार उघडला आणि सहा महिन्यांत केलं नव्हतं ते केलं: स्वतःचा आलेख काढला. आडव्या रेषेवर तिच्या पहिल्या उत्तराचे शब्द, उभ्या रेषेवर माणूस त्यानंतर किती वेळा बोलला ते. चित्र बघून तिचे कान लाल झाले. जिथे तिने तीनशेच्या वर शब्द लिहिले होते, तिथे ‘कळवतो’ म्हटल्यावर एकही माणूस पुन्हा फिरकला नव्हता. जिथे चाळीसच्या आत आटोपलं होतं, तिथे लोकांनी निदान भाव तरी विचारला होता. अठ्ठेचाळीस हा काही मोठा आकडा नव्हे, आणि एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण जगाच्या आकड्यांना नाकं मुरडणाऱ्या बाईने स्वतःचे आकडे एकदाही पाहू नयेत? फुकटे फुकटे होतेच. त्यांना ताट वाढून, वर आग्रह करकरून घास भरवणारी मात्र ती होती.

अकरा वाजता एकोणपन्नासावा माणूस व्हिडिओवर आला. हा पाण्याचे फिल्टर बनवणारा कारखानदार. त्याच्या मागे फडताळात बक्षिसाच्या ढाली होत्या, प्लास्टिक अजून न काढलेल्या. तीन दिवसांनी त्याला एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीवाल्यांना आपला फिल्टर दाखवायचा होता.

“मॅडम, अठरा ठिकाणच्या पाण्याचे आकडे पाठवलेत. फिल्टरच्या आधी किती जंतू, नंतर किती. एक झकास आलेख नमुना म्हणून काढा. आवडला तर पुढचं बोलू.”

बारकीने फाईल उघडली आणि मिनिटभरात तिला दिसलं. अठरा ओळींपैकी शेवटच्या नऊ म्हणजे पहिल्या नऊ ओळींचीच नक्कल होती. ठिकाणांची नावं तेवढी बदललेली. जंतू काही शाळेची पोरं नव्हेत, रोज तितकीच हजर राहायला. एखादी ओळ जुळली तर योगायोग म्हणता येईल. नऊच्या नऊ, त्याही त्याच क्रमाने, म्हणजे कुणीतरी उचलून डकवलेल्या.

सांगायला तोंड उघडलं होतं. तिने जीभ दातांखाली धरली.

“नमुना देत नाही,” ती म्हणाली.

कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्या भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला.

“म्हणजे? सगळे देतात.”

“मग सगळ्यांकडून घ्या. मी एवढंच सांगते, की तुमच्या फाईलमध्ये गडबड आहे. समोर जाणकार बसला असेल, तर त्याचा चहा निवायच्या आत तो पकडेल.”

“कसली गडबड?”

“तेच तर काम आहे. कुठल्या ओळीत काय गडबड, ते लेखी देईन.” आणि तिने किंमत सांगितली. भावोजींचा शेंगदाणा तोंडाशी थबकला.

“एवढ्या पैशात माझा माणूस आठवडाभर राबतो!”

“मग त्यालाच विचारा की.”

कारखानदाराने मान वळवली, कुणाला तरी ओरडून दार लावायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. “बरं. भरतो.”

पैसे आले, पण बारकीकडे नव्हे. त्या संकेतस्थळाची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाचे पैसे आधी ते स्वतःकडे ठेवून घेतं. काम पोचल्यापासून तीन दिवसांत गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, तर ते आपोआप काम करणाऱ्याला मिळतात. तक्रार केली, तर महिनाभर चौकशी. ठरलेलं काम म्हणून बारकीने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘फाईलमधली गडबड ओळ क्रमांकासह लेखी दाखवणे.’ वीस मिनिटांत तिने एक पान पाठवलं.

पाच मिनिटांत कारखानदार पुन्हा पडद्यावर.

“हे? एवढंच? अहो, हे मला ठाऊक आहे! मीच भरल्यात त्या ओळी. नऊ ठिकाणचं पाणी तपासलं, पुढे कोण हिंडत बसणार?”

“मग पैसे कशाला भरलेत?”

“मला वाटलं, दुसरंच काही सापडलं!”

“म्हणजे दुसरंही आहे?”

तो गोड हसला. “हे बघा बाई, तुम्ही हुशार आहात. खालच्या नऊ आकड्यांना जरा इकडेतिकडे हलवा. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये, बस्स. वर आणखी तेवढेच देतो.”

सहा महिने फुकट्यांना शिव्या घातल्यावर अखेर पैसे देणारा भेटला, तो हा. फुकटे निदान तिची अक्कल चोरून नेत होते. हा रोख मोजून विकत घ्यायला आला होता, तीही काळ्या कामासाठी.

“पहिल्या नऊचा आलेख हवा तर काढून देते,” ती म्हणाली. “खरे आहेत तेवढेच दाखवा.”

“नऊवर ते हसतील.”

“हसू देत.”

“मग मी तक्रार करतो. बघतो कसे पैसे मिळतात ते.” पडदा काळा झाला.

“घालवलंत!” भावोजी उठून उभेच राहिले. “आलेलं गिऱ्हाईक! दोन आकडे इकडचे तिकडे करायला काय झिजत होतं तुमचं?”

आईने इस्त्री उभी केली. “जावईबापू, ते पाणी कुणीतरी पिणार आहे ना?”

भावोजींनी फोलपटं गोळा केली आणि त्यांना एक काम आठवलं.

दुपारी संकेतस्थळावर बारकीच्या कामापुढे लाल अक्षरं उमटली: ‘ग्राहक तक्रार लिहीत आहे.’ सत्तावीसला तीच अक्षरं. अठ्ठावीसलाही. मामाचा फोन आला, की पांढरा कोट कोणत्या मापाचा आणू. आईने मधला सांगितला. बारकीने तक्रारीचा अर्ज कसा असतो तो शोधून पाहिला. त्यात एक रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं: ठरलेल्या कामापैकी नेमकं काय मिळालं नाही? खाली मिळालेलं काम जोडायचं होतं. म्हणजे तिचं ते पान, नऊ ओळींच्या क्रमांकांसकट, त्याला स्वतःच्या हाताने चौकशीवाल्यांपुढे ठेवायचं होतं. तीन दिवस तो गडी त्या रकान्यासमोर काय करत बसला असेल, याची कल्पना करून बारकीला पहिल्यांदाच धंद्यात मजा वाटली. तरी भूक काही लागत नव्हती.

एकोणतीसला बाराच्या सुमारास लाल अक्षरं गेली आणि पैसे जमा झाले.

तिने लॅपटॉप आईकडे वळवला. आईने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि फोन उचलला.

“हां, मीच. कोट आणू नकोस... नाही, ती येत नाही. अरे, दिले एकाने पैसे... चांगला माणूस? चांगला कसला, नालायक आहे मेला! पण दिले.”