माळ्यावरची भुतं खाली आली

मी भयकथांचं पुस्तक. नाव विचारू नका, मुखपृष्ठ फाटलं तेव्हाच ते गेलं. उरलाय तो एक केसाळ हात, त्याचंही एक बोट कसरीनं खाल्लंय. याला कोण घाबरणार, असं वाटत असेल तर वाचून बघा.

मला विकत घेतलं एका घड्याळजीनं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की भिंग कपाळावर सरकवून तो मला वाचायचा. घरी त्याची मुलगी मला पळवायची. माझ्या लेखकाचं नवं पुस्तक आलं की आधी कोण वाचणार यावरून बापलेकीत जुंपायची. पुढे मुलगी शिकली, मोठ्या कचेरीत लागली, तिच्या कपाटात जाडजूड, शहाणी पुस्तकं आली. "बाबा, अजून भुतंच का?" असं ती एकदा हसत म्हणाली आणि घड्याळजीनं मला निमूटपणे माळ्यावर टाकलं. फार लागलं मला ते. कित्येक वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो.

मध्यंतरी एका सकाळी मुलगी स्टुलावर चढून माळा धुंडाळू लागली. शेक द्यायची पिशवी हवी होती. घड्याळजीला अर्धांगाचा झटका आला होता. हात सावरत होता, पण वाचा गेली होती. उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "आत्ताच बोलतं करा त्यांना. उशीर झाला तर अवघड जाईल." मुलीनं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, आरोग्याचं मासिक वाचलं. तो आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला.

तिनं मला सहज उघडलं आणि स्टुलावर उभ्या उभ्याच पहिली गोष्ट संपवली. खाली दूध उतू गेलं, तिला पत्ता नाही.

"मेला, अजून घाबरवतो," ती माझ्या लेखकाला म्हणाली. मला धन्य वाटलं.

मला घेऊन ती वडिलांच्या उशाशी बसली. मदतीला येऊन राहिलेली आत्या तणतणली, "अगं, घरात आजारी माणूस, नि तू भुतं कसली वाचतेस?"

म्हणून मग मुलीनं गोष्टीतला विहिरीजवळचा घाबरवणारा उतारा हळूच सोडला आणि पुढचं वाचू लागली. घड्याळजीची मान वळली. ओठ थरथरले.

"गा... गाळलंस."

आत्यानं हात जोडले. मुलगी हसत होती, रडतही होती. तिनं मागे जाऊन तो उतारा पुन्हा वाचला, अगदी रंगवून.

तेव्हापासून रोज दुपारी आमची बैठक असते. "मला नाही बाई ऐकायचं," म्हणत आत्याही दाराशी बसते. मुलगी रद्दीवाल्यांकडून माझी भावंडं शोधून आणते.

माझी शेवटची गोष्ट मात्र स्वतःच वाचायची, असा घड्याळजीचा हट्ट आहे. शब्द अडतो, तो आठ्या घालतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो. एका वाक्याला अख्खी दुपार जाते. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कुणी असेल तर उतरवा त्याला, एवढंच सांगणं. आमच्या गोष्टीतलं भूत सध्या उंबऱ्यावर ताटकळलंय. त्याला आत यायला महिना तरी लागेल, आणि घरात कुणालाच घाई नाही.